कराडचा कौल

बारावीनंतर घराघरांत काय रणकंदन चालतं, ते मागाठाण्याच्या त्या बिल्डिंगला तोंडपाठ होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या परबांकडे मात्र भांडायला कुणी उरलंच नव्हतं. जिन्यात कुणी श्वेताला विचारलं, "काय मग, कुठलं कॉलेज?" की ती म्हणायची, "बघू." विचारणारा पुढे गेला की घरात येऊन पुन्हा पंख्याखाली बसायची.

फेब्रुवारीत तिचे पप्पा गेले. नंदू परब, बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर. सकाळी डबा घेऊन निघाले आणि दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. त्यानंतर श्वेताने बारावी दिली, सीईटी दिली आणि मार्क चांगले पडले. पोरीने काळजावर दगड ठेवून अभ्यास केला, असं नातेवाईक एकमेकांना सांगत सुटले. कसला दगड नि कसलं काय! तिला काही होतच नव्हतं. पेपर समोर आला की हात लिहायचा, ताट समोर आलं की तोंड खायचं. बाराव्याला आई, म्हणजे जानकी, तिला कवटाळून म्हणाली होती, "रड गं एकदा." तेव्हा श्वेताने उलट आईच्याच पाठीवर थोपटलं होतं.

सिव्हिल घ्यायचं हे पक्कं होतं, कारण ते पप्पांनी ठरवलं होतं. शेजारच्या चंपामावशींनी सांगून पाहिलं की सिव्हिलवाल्या मुली उन्हात काळ्या पडतात, त्यापेक्षा कॉम्प्युटर बरं. त्यांचा स्वतःचा मुलगा कॉम्प्युटर शिकून घरीच बसला होता, त्यामुळे तो सल्ला कुणी फारसा मनावर घेतला नाही.

अडलं होतं ते कॉलेजपाशी. अंधेरीचं कॉलेज जवळ, संध्याकाळी घरी. कराडचं सरकारी, सिव्हिलसाठी पप्पांनी नेहमी नाव काढलेलं, पण तिथे हॉस्टेलवर राहावं लागणार, आणि इथे आई एकटी. मार्क दोन्हीकडे प्रवेश मिळण्यासारखे होते. ऑनलाइन फॉर्ममध्ये जे पहिल्या नंबरवर टाकायचं ते पहिल्याच फेरीत लागलं, तर घ्यावंच लागतं. मागाहून कुरकुर चालत नाही. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला तरी पहिला नंबर रिकामाच होता.

"तुला कुठे जायचंय?" आईने विचारलं.

"कुठेही चालेल."

"कुठेही कसं चालेल गं? ड्रेस आहे का तो?"

शेवटी आई म्हणाली, "मग देवालाच विचारू." यात नवल काही नव्हतं. परबांच्या घराण्यात लग्न, नोकरी, गावची बोअर, सगळं रवळनाथाला विचारून. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि मग सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आता गावाला जायला वेळ नव्हता, म्हणून राजेशकाकांनी देवळातून व्हिडिओ कॉल लावला. नंदूचे धाकटे भाऊ ते, गावीच राहायचे.

श्वेताचा फोन डब्याला टेकवून मायलेकी हात जोडून बसल्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "आमचा चेडू शिकाक कराडाक जाऊचा म्हणता. तेचा बरा व्हतला तर उजवो दी, रे महाराजा!"

बराच वेळ काही हललं नाही. मग स्क्रीनच्या उजव्या बाजूची एक पाकळी सुटली आणि खाली आली. त्याच क्षणी चित्र थिजलं आणि फोन कट झाला.

"उजवा!" आई ओरडली. "बघितलंस? दिला देवाने!"

आई शहरात, गिरणगावात वाढलेली. गावी गेली तरी बायकांबरोबर मागे बसायची आणि गुरव काय म्हणतो तेवढं ऐकायची. श्वेता मात्र लहानपणी पप्पांच्या खांद्यावर बसून पुढून बघायची. त्यांनीच तिला समजावलं होतं, की उजवा म्हणजे देवाचा उजवा. देव आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे आपल्या उजव्या हाताला त्याचा डावा. देवाने नाही म्हटलं होतं.

सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला जायचं होतं. खुंटीवरच्या पप्पांच्या हेल्मेटपासून, रात्रीच्या आईच्या उसाशांपासून, बिचारी म्हणून बघणाऱ्या सगळ्या जिन्यापासून दूर जायचं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी हवं होतं आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली. आईला एकटं टाकून जायला निघालेली मी कसली मुलगी, असं तिच्या मनात आलं. तरीही ती बोलली नाही. फोन उचलून तिने पहिल्या नंबरवर कराड टाकलं.

इतक्यात आईचा फोन वाजला. काकाच होते. आई फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, पण राजेशकाकांचा आवाज तो, पलीकडच्या बिल्डिंगला ऐकू जावा असा.

"वयनी, डावो दिल्यान गो देवान! चेडवाक धाडू नको!"

आतून आई हळू म्हणाली, "बरं भाऊजी. कळलं. ठेवते."

ती बाहेर आली. "काय म्हणाले काका?" श्वेताने विचारलं.

"काय म्हणणार? उजवा म्हणाले. भर तू."

रस्त्यातल्या शेंदूर फासलेल्या दगडालाही चप्पल काढून हात जोडणारी ही बाई देवाच्या नावावर खोटं बोलत होती.

"आई, मी ऐकलं."

"ऐकलंस तर ऐकलंस." आई तिच्यासमोर फरशीवर बसली. "देवाचं मी बघून घेईन. पाकळी पडली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. पप्पा गेल्यापासून तसं दिसलं नव्हतं ते. आता इथेच बस म्हणून कुठल्या तोंडाने सांगू तुला?"

आणि श्वेताला रडू फुटलं. साधंसुधं नाही, लहान पोरासारखं भोकाड पसरून. "पप्पा" एवढा एकच शब्द तिला फुटत होता. आईने तिला गप्प केलं नाही. तिच्या हातातला फोन तेवढा काढून घेतला आणि डोळे बारीक करून त्यातला फॉर्म बघत राहिली.

"कुठे दाबायचं गं?"

श्वेताने रडता रडता बोट दाखवलं. जानकीने गाऊनला हात पुसला आणि दाबलं.