ह्यांनी

लाज वाटते सांगायला, पण सांगते. मध्येच "तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच केलं असतं" असं म्हणून माझी बाजू घेऊ नका. ते ऐकलं की मला जास्त मेल्यासारखं होतं.

या परक्या देशात येऊन मला एकोणीस वर्षं झाली. एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. इथली भाषा मी मुकादमबाईच्या शिव्या खाऊन शिकले, त्यामुळे पक्की शिकले. आपल्या माणसांपैकी कुणाला दवाखान्यात जायचं असो की घराचा करार वाचून घ्यायचा असो, बोलावणं मला ठरलेलं. "ताईंना घेऊन जा, ताई फाडफाड बोलतात." त्या फाडफाड बोलण्याचा मला भारी तोरा होता.

धाकट्या भावाला मीच इकडे आणलं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला इथल्या गोदामात चिकटवून देण्यापर्यंत सगळं मी केलं. दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्नही मीच लावून दिलं. भावजय साधी, हसताना तोंडावर हात धरणारी. इथली भाषा शिकायला वर्गात जाते म्हणाली, तर हा म्हणाला, "कशाला? ताई आहे की!" तेव्हा मला, मेलीला, बरंच वाटलं होतं.

मागच्या थंडीत त्याने तिला थोबाडीत मारली. मी जाऊन त्याला असा झापला की बोलायची सोय नाही. "पुन्हा हात उचललास तर मला तोंड दाखवू नकोस," म्हटलं. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. विषय संपला, असं मी धरून चालले. भावजय मात्र त्या दिवसापासून मला आपली मानायला लागली.

मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. "ताई, हात हलत नाहीये. दवाखान्यात नेता का?" मी मुकादमबाईची मिनतवारी करून सुट्टी घेतली आणि तिला नेलं. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंना मी परस्पर सांगून टाकलं, न्हाणीघरात पाय घसरला म्हणून. डॉक्टरीणबाईंनी तिची बाही वर सरकवली. दंडावर चार बोटांचे वळ होते. त्या बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासात एक पोलीसबाई येऊन आमच्या समोर बसली.

पोलीसबाईने आधी मला विचारलं, "तुम्ही हिच्या कोण?"

"शेजारीण," मी म्हटलं. तिथूनच सुरुवात झाली.

दुभाषी मिळतोय का म्हणून तिने दोन-तीन फोन लावून पाहिले. मराठीचा कुणी सापडेना. मग मीच पुढे सरसावले. "मी आहे ना!" एकोणीस वर्षांची सवय, दुसरं काय.

"हिला हे कुणी केलं?" पोलीसबाईने विचारलं. मी ते मराठीत सांगितलं. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. "सांगू का ताई?"

"सांग की, जे असेल ते," मी म्हटलं. ती सांगणार नाही याची मला खात्री होती.

ती म्हणाली, "ह्यांनी."

लग्न झाल्यापासून तिने कधी भावाचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. ह्यांना सांगा, ह्यांचा डबा, ह्यांना उशीर होईल. आपल्यात दुसरं काही सांगावं लागत नाही, लहान पोरालाही कळतं. पण हे "ह्यांनी" दुसऱ्या भाषेत नेताना वाटेत कुणाचंही होऊ शकतं. मी पोलीसबाईला सांगितलं, "ती म्हणते, त्या लोकांनी."

शब्द तर तोच आहे, मी कुठे खोटं बोलले, अशी मी मनाची समजूत घातली. ती एक मिनिटही टिकली नाही. पोलीसबाईने लगेच विचारलं, "कोणते लोक? किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोघं जण. रस्त्यात पर्स ओढत होते. घाबरून घसरले म्हणाली होती, पण आता खरं सांगतेय."

पोलीसबाईने लिहायला घेतलं. अंगावर कपडे कसले होते, असं तिने विचारलं. आता भावजयीला काहीतरी विचारल्यासारखं दाखवणं भाग होतं. मी म्हटलं, "काय घातलं होतं?"

"कामावरचा निळा टीशर्ट," ती म्हणाली. "सकाळी निघता निघताच धरलं ना मला. ताई, ह्यांच्या गोदामाचा पत्ता पण सांगा बाईंना."

"काय म्हणते?" पोलीसबाईने विचारलं.

"म्हणते, पुन्हा दिसले तर ओळखीन."

हे मी केलं. शेजारी बसलेल्या पोरीचा हात सुजलेला, ती माझ्या तोंडाकडे बघत मान डोलवतेय, आणि मी तिच्या प्रत्येक शब्दाची वाट लावतेय. शेवटी कागद तिच्यापुढे आला. तिने डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. जे नाव तोंडाने घेत नव्हती ते तिने तिथे मराठीत लिहिलं. पोलीसबाईला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

हाताला प्लास्टर घालून आम्ही बाहेर पडलो. तिने आधी स्वतःच्या घरी जाऊन एक पिशवी भरून आणली, मग माझ्याकडे आली. खोलीत आल्याबरोबर वाकून माझ्या पायांना हात लावला.

"सख्ख्या भावाच्या विरोधात कोण बोलतं हो, ताई? मला वाटलं होतं तुम्ही सांभाळून घ्याल ह्यांना."

"अगं, ऊठ आधी," मी म्हटलं. मी चहा टाकला. चहा पिताना तिने विचारलं, "पोलीस ह्यांना कामावरूनच नेतील का? मारणार नाहीत ना ह्यांना?" मी म्हटलं, बघू. ती तोंड धुवायला आत गेली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. आवाज अगदी लहानपणचा, काही फोडून ठेवलं की यायचा तसा. "ताई, ती घरी नाहीये. दवाखान्यात पोलीस आले होते म्हणे. काही बोललीस का तू?"

मी तोंडाशी हात धरून म्हटलं, "नाही रे बाळा. मी निस्तरलंय सगळं. चोर होते म्हणून सांगितलं. तू शांत राहा."

"तू आहेस म्हणून गं, ताई," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. आतल्या नळाचा आवाज कधीचा बंद झाला होता. ती दारात उभी होती, तोंडावरून पाणी तसंच गळत होतं. एका हाताने पुसता येत नव्हतं तिला.

"चोर?" ती म्हणाली.

"अगं, ऐक माझं. त्याची नोकरी गेली असती, तुम्हा दोघांना परत पाठवलं असतं..."

"किती चोर?"

"दोन."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तरी मी गिळल्या असत्या. तिने पिशवी उचलली, चपला पायांत सरकवल्या. उंबऱ्यापाशी थांबली. मला वाटलं, आता परत वळेल आणि मी तिला समजावीन.

"ताई, एकच सांगा. नवऱ्याला इथल्या भाषेत काय म्हणतात?"

मी सांगितलं. तिने तो शब्द दोनदा म्हणून दाखवला आणि विचारलं, "बरोबर म्हणतेय ना? तुमच्यावर भरवसा ठेवू ना एवढ्यापुरता?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तो शब्द पुटपुटत ती जिना उतरून गेली. मी तिच्याबरोबर गेले नाही.