शॉक बदलला की थांबेल

शालूची सायकल प्रतीक्षाला द्यायची असं ठरलं, तेव्हा कृष्णकांतने एकच अट घातली. आधी मागचा शॉक बदलणार, मग सायकल देणार.

"राहू द्या ना काका," प्रतीक्षा म्हणाली. "मला काय शर्यतीला जायचंय? पाड्यावर जायचं नि यायचं. काकू तशीच चालवायची ना?"

"म्हणूनच," कृष्णकांत म्हणाला.

कृष्णकांतची बायको शालू पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका होती, प्रतीक्षा तिची मदतनीस. शालू वारली आणि सेविकेचं काम प्रतीक्षाकडे आलं, मदतनीस म्हणून चिमी आली. सालवडपासून पाडा चार किलोमीटर. निम्मा रस्ता खडीचा. प्रतीक्षा रोज चालत जायची.

सायकल मुळात नीलेशची, त्यांच्या मुलाची. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली, डोंगरात चालवायची सायकल त्याने दहावीनंतर हट्टाने घेतली होती. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. शालूने एक दिवस ती पुसून बाहेर काढली. साडी सोडून ड्रेस घालायला लागली.

"पन्नाशीला आलीस. पडशील कुठेतरी," कृष्णकांत म्हणाला होता.

"पडले तर घरात फिटर आहे की. करेल सरळ."

फिटर खराच. तारापूरच्या एमआयडीसीत एकाच कंपनीच्या मेंटेनन्समध्ये त्याची अठ्ठावीस वर्षं गेली होती. पंप, गिअरबॉक्स, कन्व्हेअर, त्याने हात लावला नाही असं तिथे काही नव्हतं. घरातल्या कामाला मात्र त्याचा हात लागत नसे. रविवारी प्लांट बंद, म्हणून मेंटेनन्सवाल्यांना रविवारीच जास्त काम. हे कारण खरं होतं. पण प्रत्येक रविवारी खरं नव्हतं. काही रविवारी तो नुसता झोपून राहायचा.

त्या रविवारी त्याने अंगणात गोणपाट अंथरलं आणि सायकल उलटी करून ठेवली. सीट आणि हॅण्डल जमिनीवर, चाकं वर. शॉकचा वरचा बोल्ट सहज निघाला. खालचा गंजला होता. त्यावर रॉकेल सोडलं, वाट बघितली, मग पान्यावर हातोडीचे दोन ठोके दिले. करकर आवाज करत तोही सुटला. शॉक हातात आला.

त्याने दोन्ही हातांनी दाबून पाहिला. मग भिंतीला टेकवून छातीचा जोर लावला. शॉक जागचा हलला नाही. स्प्रिंगच्या आतला दांडा गंजून धरला होता. शॉक कसला, लोखंडाचा तुकडाच झाला होता. त्याने मागचं चाक हाताने वरखाली करून बघितलं. बाकी सगळे सांधे मोकळे होते. खराबी एवढ्या एका जागी होती.

नवा शॉक घरातच होता, शोकेसच्या खणात, पाकिटासकट. शालू होती तेव्हाच त्याने बोईसरहून आणला होता. भोकांमधलं अंतर मापून, बरोबर साडेसहा इंची. आणून तिला दाखवलाही होता.

"हा बघ. हा बसवला की तुझी पाठ दुखायची थांबेल."

शालूची पाठ तेव्हा दुखायला लागून महिना झाला होता. खड्ड्यात चाक गेलं की मागून धाडकन दणका बसतो, ती म्हणायची. त्याने सायकलवर बसून पाहिलं आणि निदान केलं, शॉक गेलाय. तिलाही पटलं. माझ्या नवऱ्याला आवाजावरून मशीनचं दुखणं कळतं, असं ती अंगणवाडीतल्या बायांना सांगत असे.

"या रविवारी करतो," तो म्हणायचा.

"करा सवडीने. आज दमलात तुम्ही," ती म्हणायची आणि पाठीला बाम लावून घ्यायची.

असे अकरा महिने गेले. मग एका सकाळी ती गादीवरून उठूच शकली नाही. पालघरच्या डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" शालू म्हणाली, "सायकलचा शॉक गेल्यापासून." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कृष्णकांतकडे बघितलं. गाठ दुसरीकडे होती, मणक्यापर्यंत आली होती. त्यानंतर चार महिने.

कृष्णकांतने नव्या शॉकच्या बुशना ग्रीस लावलं. स्क्रू-ड्रायव्हर घालून भोकं जुळवली, बोल्ट सरकवले, आवळले. सायकल सरळ केली. घड्याळात बघितलं. रॉकेल मुरायला लागला तो वेळ धरून चाळीस मिनिटं झाली होती.

तो पायरीवर बसला. कंपनीत ऑपरेटर सांगत यायचा, साहेब, मशीनमध्ये आवाज येतोय. तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, मशीन बंद असतानाही येतो का? बंद असताना येत असेल तर खराबी या मशीनची नाही, दुसरीकडे बघा. नव्या पोरांना त्याने हे कितीदा शिकवलं होतं. शालूला त्याने कधी विचारलं नाही. रविवारी अंगणवाडी बंद असे, सायकल दिवसभर जिन्याखाली असे. रविवारीही ती बाम लावायची. तो समोर गादीवर पडलेला असायचा. वास यायचा त्याला.

शॉक त्याच महिन्यात बदलला असता तर पाठ दुखायची थांबली नसती. आणि थांबली नाही म्हणूनच दोघं डॉक्टरकडे गेले असते. दहा महिने आधी.

संध्याकाळी प्रतीक्षा आली. सायकलवर हात फिरवत म्हणाली, "चकाचक केलीत की! बरं झालं काका. चालून चालून माझीबी कंबर धरलीय. आता सायकल आली का थांबेल."

कृष्णकांतने हॅण्डल सोडलं नाही.

"रविवारीपण दुखते?"

"काय?"

"चालत नाहीस त्या दिवशी. आज दुखतेय का?"

"दुखते ना. आज तर जास्तच. का?"

"सायकल इथंच राहील. उद्या पालघरला जाऊन दाखवून ये. कागद आण, मग ने."

प्रतीक्षा हसली. मग तो हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "मला काय झालंय, काका? नि अंगणवाडी कोण उघडंल? आमी काय रिकाम्या हाय?"

"खिचडीला चिमी आहे. पोरांपाशी मी बसतो."

"तुमी? पोरांना काय नटबोल्ट शिकवणार?" तिचा आवाज चढला. "द्यायची नसंल तर नाय म्हणा सरळ. काकू खरंच बोलायची, तुमाला माणसांशी बोलायचं कळत नाय."

"बरोबर बोलायची," कृष्णकांत म्हणाला. "तू जाऊन ये."

ती रागाने निघून गेली. पण सकाळी त्याने कंपनीत रजा कळवली आणि पाड्यावर गेला. चिमी एकटी चूल पेटवत होती. प्रतीक्षा पालघरला गेली होती. कृष्णकांत दिवसभर पंधरा पोरांमध्ये मांडी घालून बसला. भिंतीवर शालूच्या अक्षरात वजनाचा तक्ता होता. त्याने तिकडे पाठ केली होती.

बुधवारी प्रतीक्षा कागद घेऊन आली. "घ्या. फोटो काढला, रक्त काढलं. काय नाय निघालं. रक्त कमी हाय, गोळ्या दिल्यात. झालं समाधान?"

त्याने कागद दोनदा वाचला आणि घडी घालून परत दिला. सायकल बाहेर काढली. प्रतीक्षा बसली, गल्लीच्या तोंडावरच्या खड्ड्यात तिने मुद्दाम चाक घातलं. मागचा भाग दबला आणि आवाज न करता वर आला.

"गादीवर बसल्यासारखं वाटतंय, काका!" ती तिथूनच ओरडली.

हे ऐकायला ज्या माणसासाठी तो शॉक आणला होता, ते माणूस नव्हतं. कृष्णकांत चालत तिच्यापाशी गेला.

"रविवारी सायकल घेऊन ये. नवे बोल्ट आठ दिवसांनी परत आवळावे लागतात."

"काय घाई नाय. बघू कधीतरी."

"नाही," तो म्हणाला. "याच रविवारी. मी घरी आहे."