हातचा कुठे गेला?

मी पाटी बोलतेय. पण माझ्यावर खडू ओढू नका, काही उमटणार नाही. मी अ‍ॅल्युमिनियमची आहे. अंगभर चांदणीच्या आकाराची भोकं आणि सोबत पिशवीभर बारके खिळे. खिळा जसा वळवून बसवाल तसा अंक, आणि तो वाचायचा बोटानं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा मुलांना गणित करता यावं, एवढ्यासाठी मला घडवलं. कागदोपत्री मी टेलर फ्रेम. मुलं जाळीची पाटी म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

माझी सुरुवातीची वर्षं धुळ्याच्या एका कचेरीत कपाटात गेली, प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा न काढता. मग प्रेमराज सरांनी मला बाहेर काढलं. हे विशेष शिक्षक. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या मुलांसाठी ते गावोगाव फिरतात, त्यामुळे एका शाळेच्या वाट्याला आठवड्यातून एकदाच येतात. स्कूटीच्या डिकीत घालून त्यांनी मला नरडाण्याजवळच्या एका खेड्यात आणलं आणि चौथीतल्या हर्षालीच्या मांडीवर ठेवलं. तिला जन्मापासून दिसत नाही. तिनं मला आधी हुंगलं, मग चारी कडांवरून हात फिरवला.

"हाई मन्हीच शे ना, सर?"

सर हो म्हणाले. मला फार बरं वाटलं.

तिच्या वर्गाला ज्योती मॅडम शिकवत. चांगली शिक्षिका कशी असते ते मी त्यांच्यात पाहिलं. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. कोणापुढे त्या कपाशीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मांडत, कोणाला चित्र काढून भागाकार समजावत, भराभर उरकणाऱ्यांना डोकं खाजवायला लावणारी उदाहरणं देत. सगळ्यांना एकाच दावणीला बांधणं त्यांना मान्यच नव्हतं. फक्त हर्षालीपाशी आल्या की त्यांचं मन पाघळायचं.

त्यात हर्षालीचे पाढे तोंडपाठ. एकोणतीसचा पाढा ती न अडखळता म्हणायची आणि पाहुणे थक्क व्हायचे. पाढे आले म्हणजे गणित आलं, अशी माणसांची एक समजूत आहे. पाहुणे आले की मलाही पिशवीतून काढत, दोन-चार खिळे कसेही खोचत आणि फोटो काढत. त्या फोटोंत माझ्यावर काय अंक होते ते कोणी विचारू नये.

एक दिवस मॅडमनी फळ्यावर उदाहरण लिहून मोठ्यानं वाचलं, सत्तेचाळीस अधिक अडतीस. किराणा दुकानवाल्यांच्या अखिलनं उत्तर दिलं, "पंच्याहत्तर."

"चुकलं. हातचा कुठे गेला?" मॅडम त्याच्याजवळ बसल्या. काड्यांचा नवा गठ्ठा बांधून घेतला, पुन्हा करायला लावलं. तो कुरकुरला, पण पंच्याऐंशीवर आला.

हर्षालीनंही पंच्याहत्तरच मांडले होते. मॅडमनी येऊन माझ्याकडे पाहिलं. "शाब्बास हर्षाली! टाळ्या वाजवा रे सगळे!"

वर्ग दणाणला. माझ्यावरची तिची बोटं मात्र जागच्या जागी थांबली. ती पुन्हा एकेक अंक चाचपू लागली. सात. पाच. मग तिनं सगळे खिळे उपटून पिशवीत टाकले. त्यानंतर तिनं मला हात लावला नाही.

ती गणितच करेना, म्हणून प्रेमराज सरांनी तिच्या वडिलांना, अभिमनभाऊंना, शाळेत बोलावलं. ते साधे, मायाळू गृहस्थ. म्हणाले, "राहू द्या मॅडम. पोरले उगाच तरास कसाले? पाढा येतस तिले, बस शे."

मॅडमनीही मान डोलावली. प्रेमराज सर तेवढे गंभीर झाले. "आत्ता सोडलं तर पुढच्या शाळेतही हिला गणितातून सूटच देतील भाऊ. हिच्या हातून गणित कायमचं सुटेल. आणि ही पाटी मला इथे ठेवता येणार नाही. धुळ्यात एक मुलगा वाट बघतोय." त्यांनी मला पिशवीत घातलं. खरं सांगते, त्या पोरीला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तेव्हा ती बोलली. "अखिलनं पंच्याहत्तर चुकनं, मंग मन्हं बरोबर कसं?"

मॅडम खाली बसल्या आणि हर्षालीचा हात त्यांनी हातात घेतला. "मला ही पाटी वाचताच येत नाही गं. तू खिळे लावलेस की मी शाब्बास म्हणायचे. तुझं मन दुखवायचं नव्हतं मला."

"मन तं टाळ्या वाजन्यात तवयच दुखनं," हर्षाली म्हणाली.

अभिमनभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सरांनी मला पुन्हा बाकावर ठेवलं.

पुढे किती तरी दुपारी शाळा सुटल्यावर, सरांनी सांगितलेलं आठवून, मॅडम खिळे लावत, चुकत, पुन्हा काढत. त्यांची बोटं हर्षालीच्या मानानं फारच जड होती. पण मला वाचायला त्या शिकल्या.

मग एका सकाळी वर्गात त्यांनी तिच्या बेरजेवरून बोट फिरवलं, थांबल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकलं, हर्षाली. पुन्हा कर."

हर्षालीनं मान खाली घातली. तिला हसू आवरत नव्हतं. तिनं खिळे काढले, पुन्हा लावले, पुन्हा चुकली, पुन्हा लावले. शेवटी मॅडमचं बोट उत्तरावरून फिरलं.

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे गेल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

आता हर्षाली नरडाण्याला पाचवीत आहे आणि मी तिच्या दप्तरात. माझे बरेच खिळे हरवलेत, कडा घासल्यात. पण कपाटात नव्यासारखी पडून राहण्यापेक्षा हे झिजणं लाख पटीनं बरं. माझ्यासारख्या अनेक पाट्या अजून कुठे कुठे कपाटांत आहेत. त्यांना बाहेर काढा, त्या कोणाच्या तरी मांडीवर ठेवा. आणि त्या मुलांची दया आली तर येऊ द्या, पण त्यांचं उत्तर तपासल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.