दोनशेचे कण

सरांनी तरुणपणी एका कृतीवर नाव कमावलं होतं, आणि आता त्या कृतीनं त्यांच्या विद्यार्थिनीला पिळून काढलं होतं. जेलचे बारीक कण करायचे; थंडीत फुगणारे, उष्णतेत आकसणारे. थंड असताना मोजले तर दोनशे नॅनोमीटर भरले पाहिजेत. भरले की पदवी. पण हिचे कण चारशेच्या खाली यायला तयार नव्हते. साबण जास्त घातला की कण लहान होतात, हे त्या इमारतीत शेंबडं पोरही सांगेल. सरांचं मात्र एकच पालुपद, "सिद्ध झालेली कृती आहे, चिमूटभर बदलायची नाही." मैत्रिणी नोकऱ्यांना लागल्या, धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आणि ही आपली फ्लास्कमधलं पाणी दुधाळ होण्याची वाट बघत बसलेली.

त्या दुपारी यंत्रानं आकडा दाखवला: दोनशे! तिनं तिथूनच आईला फोन लावला. "सुटले गं एकदाची!" फोन ठेवल्यावर तिची नजर तापमानाकडे गेली. आधीच्या कुणीतरी यंत्र चाळीस अंशांवर ठेवून दिलं होतं. कण तेच चारशेचे, फक्त गरम होऊन आकसलेले. सरांचंही तेव्हा असंच झालं असणार, हे पाठोपाठ तिच्या ध्यानात आलं.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली. सगळं ऐकून सरांनी चष्मा पुसला.

"कळलं तर तुला. मला कळलं तेव्हा सत्कारसुद्धा होऊन गेला होता."

"मग मला साबण वाढवू द्या ना, सर. खरेच दोनशे होतील."

"का वाढवला, म्हणून सगळे विचारतील. आजचा आकडा लिही, तापमान लिहू नकोस. मी सही करतो."

तिला भयंकर राग आला. या माणसानं आपली उमेदीची वर्षं खाल्ली! पण आईनं एव्हाना अख्ख्या गोतावळ्याला कळवलं असेल. पुन्हा त्या फ्लास्कसमोर उभं राहायचं तिच्या जिवावर आलं. तिनं दोनशे लिहिलं आणि तापमानाची जागा मोकळी सोडली. सरांनी सही केली.

बाहेर यंदाच दाखल झालेली मुलगी उभी होती.

"ताई, तुम्ही फोनवर सांगत होता ते ऐकलं मी. अभिनंदन! सरांनी मलाही तीच कृती दिलीय. खूप अवघड आहे का हो?"

खरं सांगावं, तर आत जाऊन ती सही परत करावी लागणार होती.

"नाही गं," ती म्हणाली, "हाताला सवय झाली की जमतं."