किल्ली लावलेल्या ओळी

तिरुनीलक्कुडीच्या सतीशकुमारनं बियाण्याचं भात वाळवायचं जुनं यंत्र विकत घेतलं. त्याचा पॅनेल नव्यानं बांधायचा होता. हीटर कधी चालावा, कधी नाही, हे ठरवायचं काम लक्ष्मीनारायणरावांकडे आलं. साखर कारखान्यात उभा जन्म घालवलेले ते इंजिनियर. त्यांनी सवयीनं शिडीसारखा आराखडा काढला, पायरीपायरीवर स्विच. त्यांची मुलगी नंदिता कुंभकोणम्‌च्या घरी बसूनच चिपांचे आराखडे तपासायची नोकरी करी. तिनं तेच काम 'आणि', 'किंवा', 'नाही' जोडून एका ओळीच्या बूलियन सूत्रात लिहिलं.

"हे मज वाचाया येत नाही," अप्पा म्हणाले.

"आणि मज तुमची शिडी."

शेवटी नंदितानं तक्ता मांडला. दार लागलंय का, पंखा फिरतोय का, उष्णता बेताची आहे का, दुरुस्तीच्या वेळी काही अटी बाजूला सारणारी किल्ली लावली आहे का? हो-नाहीच्या सगळ्या जुळण्या मिळून सोळा ओळी झाल्या. पुढं एका रकान्यात अप्पांचं उत्तर, दुसऱ्यात तिचं. दोनच ओळींत फरक निघाला. किल्ली लावलेली, उष्णता बेताची, पण पंखा बंद; दार लागलेलं असो वा उघडं. तिथं अप्पांचा हीटर बंद होई, तिचा चालू राहत होता.

"जळेल की सगळं."

"किल्ली लावली म्हणजे मेकॅनिक समोर उभा आहे, असं मी धरलं. त्याला नुसता हीटर पाहायचा असेल तर?"

अप्पांनी विचार केला. "तेही खरं. चल, सतीशकुमारलाच विचारू."

दोघं बसनं तिरुनीलक्कुडीला गेले. यंत्र जुन्या पॅनेलवरच चालू होतं, दार अर्धवट उघडं, आणि किल्ली पॅनेलातच.

"दाराची कडी मोडलीय," सतीशकुमार तमिळमध्ये म्हणाला. "किल्ली काढली की चालतच नाही. म्हणून कायम लावूनच ठेवतो."

"आणि पंखा?"

"वीज जाऊन आली की कधीमधी लागत नाही. मग काठीनं ढकलतो."

नंदितानं पिशवीतून तक्ता काढला. कागदावर सगळ्या ओळी सारख्याच दिसत होत्या. इथं मात्र किल्ली नसलेल्या निम्म्या ओळींवर कुणाचा पायच पडत नव्हता, आणि तिच्या त्या दोन ओळी रोजच्या वाटेवर होत्या. अप्पाही दाराकडे पाहत राहिले. किल्ली लावली की त्यांच्या शिडीत दार मोजलंच जात नव्हतं.

परतीच्या बसमध्ये त्यांनी आराखड्यातून किल्ली खोडली. तिनंही सूत्रातून खोडली. दोन्हीकडे एकच उरलं: दार, पंखा आणि उष्णता, तिन्ही ठीक असतील तरच हीटर.

"मग मेकॅनिकनं काय करायचं?" तिनं विचारलं.

"हीटर सुटा करून बाहेर तपासायचा. वेळ लागेल, लागू दे."

नवा पॅनेल बसला तेव्हा सतीशकुमार जरा रुसला. कडी दुरुस्त होईपर्यंत हीटर काही लागला नाही.