काकवीत बुडवलेलं मडगार्ड

आप्पासाहेबांचा ट्रक लासुर्ण्याहून ट्रॅक्टरमागे ओढत आमच्या शेडसमोर आणला, तेव्हा मला हसूच आलं. लांब नाकाचा, जुन्या घडणीचा गडी. असले ट्रक आता रस्त्यावर दिसत नाहीत. बाकी अंग बऱ्यापैकी धड होतं, पण डाव्या चाकावरचं मडगार्ड गंजून पापुद्रे सुटलेलं.

"आप्पा, एकाच बाजूला एवढा गंज कसा काय?"

"दर दसऱ्याला नारळ तितंच फोडतो की. त्यो मान त्याच बाजूचा."

म्हणजे वर्षानुवर्षं नारळाचं पाणी पत्र्याच्या शिवणीत मुरत होतं आणि हे हात जोडून उभे! मी म्हटलं, "आप्पा, पत्रा गंजानं न्हाय, तुमच्या भक्तीनं खाल्ला."

"खाऊंदे. पर पत्रा ह्योच ऱ्हायला पायजे, रोहिणी. कुंडलिकरावानं हातानं ठोकल्याला हाय."

कुंडलिकराव म्हणजे माझे आबा. निमगाव केतकीतलं हे शेड त्यांनीच उभं केलं आणि हातोडी धरायला मलाही त्यांनीच शिकवलं. पोरीची जात अन् गाड्यांचे पत्रे ठोकणारी डेंटर, असं म्हणणारे पुष्कळ होते. आता त्यांच्याच गाड्या ठोकून सरळ करते आणि प्यायचं पाणी त्यांनाच आणायला लावते मी.

गेल्या वर्षी आबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय ओढत का होईना चालू लागले, उजवा हात मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून ते ओसरीवरच्या खाटेवर शेडकडे पाठ करून पडायचे. मी हातोडी उचलली की कानावर घोंगडं ओढायचे. जेवा म्हटलं तर जेवायचे, बोला म्हटलं तर गप्प. खरं सांगते, मला आप्पांच्या ट्रकाचं काही पडलं नव्हतं. मला आबा शेडमध्ये परत पाहिजे होते, आणि ते कसं जमवावं हे मला कळत नव्हतं.

"आप्पा, हे घासायला गेलं तर हातात चुरा येईल," मी म्हटलं. "फायबरचं बसवू."

तेवढ्यात ओसरीवरून, पाठ तशीच ठेवून, आबा बोलले. "काकवीत बुडव त्येला."

मी आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी माझ्याकडे. म्हाताऱ्याला भ्रम झाला असंच दोघांनाही वाटलं असणार.

"गुऱ्हाळावर गंजकी पळी काकवीच्या पिपात पडली की लख्ख निघायची," आबा पुढे म्हणाले. "पाणी घालून पातळ कर. अन् घाई करू नगं."

कित्येक महिन्यांनी आबा एवढं बोलले, म्हणून मी केलं. नाहीतर काकवी भाकरीवर घ्यायची का लोखंडाला पाजायची? जनावरांच्या जुन्या हौदात काकवी आणि पाणी कालवलं आणि मडगार्ड खोलून आत सोडलं. दोन-चार दिवसांत फेस आला, आंबूस वास गल्लीभर सुटला. मुंग्यांची रांग लागली, गांधीलमाश्या घोंगावू लागल्या. येणारा-जाणारा विचारायचा, "काय रोहिणी, पाक किती तारी झाला?" मी दात-ओठ खात हौद ढवळायचे.

पंधरवड्यानं मडगार्ड बाहेर काढलं आणि पाण्याचा पाइप धरला. काळपट राड ओघळून गेली आणि खाली राखाडी, कोरं लोखंड उघडं पडलं. मी आतापर्यंत गंज खरवडून काढत आले, तेजाबानं जाळत आले. तो असा आपण होऊन सोडून गेलेला कधी पाहिला नव्हता. त्या गोलाईवर आबांच्या हातोडीचे ठसे दिसत होते, ओळीनं, एकाला एक लागून, कांडणीत बाया मुसळ घालतात तसे नेमके. मला तिथं चपला घालून उभं राहायची लाज वाटली. मी त्या काढल्या.

पण भोकं होती. कुजका भाग कापला, नव्या पत्र्याची ठिगळं वेल्डिंगनं बसवली आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. तापानं पत्रा वेडावाकडा झाला. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात आतून टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा. इकडं दाबलं की तिकडं फुगायचं. आबांची गोलाई काही केल्या येईना.

ओसरीवरून आवाज आला, "पोकळ वाजतंय. ठोकळा हातोडीखाली न्हाय तुजा."

घामानं डोळे चुरचुरत होते, डोकं आधीच फिरलेलं. मी ओरडले, "मग तितनं काय सांगताय? या की हितं, अन् धरा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. ज्याचा हात गेला त्याला धरा म्हणणारी मी कोण? मी मान खाली घालून उभी राहिले.

मग पाय ओढल्याचा आवाज आला. आबा शेडमध्ये आले, मडगार्डाच्या मागे जमिनीवर बसले आणि डावा हात पुढे केला. मी ठोकळा त्यांच्या तळहातावर ठेवला.

मधे पत्रा. ना त्यांना माझी हातोडी दिसत होती, ना मला त्यांचा हात. मी पहिला घाव घातला. खणकन भरीव वाजलं. दुसरा घातला, तसाच. मी मुद्दाम जागा बदलली, तरी ठोकळा तिथं हजर. माझ्या हातोडीला सुद्धा ठाऊक नव्हतं ती कुठं पडणार, आणि हा माणूस पत्र्यापलीकडे आधीच जाऊन थांबलेला! मी मारत राहिले, आणि ती गोलाई माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू परत आली. शेवटी हात फिरवून पाहिला तर जुना पत्रा कुठं संपतो आणि ठिगळ कुठं सुरू होतं, ते बोटांना कळेना.

आबा उठले आणि खाटेवर जाऊन निजले, शेडकडे पाठ करूनच. मला वाटलं, झालं तेवढं पुष्कळ झालं.

सकाळी चहा घेऊन ओसरीवर गेले तर खाट रिकामी. आबा, आबा करत मी अंगणात धावले.

शेडमध्ये, मी आदल्या दिवशी खोलून ठेवलेलं ट्रकाचं पोचा पडलेलं दार लोखंडी घोडीला टेकवलेलं होतं. त्याच्यामागून आबांची फक्त टोपी दिसत होती.

"आगं कवाधरनं धरून बसलोय," आतून ते खेकसले. "हात भरून आला माजा. मार की!"