ताणून धरणाऱ्यांच्या गटात

मी चादर बोलतेय. डबल बेडची, सुती, मधोमध विरलेली. घरच्या सूनबाईंनी आधी माझ्यावर दोन पोरं निजवली, मग मला इस्त्रीखाली अंथरलं, मग माझं पोतेरं करून फरशी पुसली आणि एक दिवस कचऱ्यात कोंबलं. वर म्हणाल्या, "कामातून गेली मेली." मी? कामातून गेले?

गाडीतून मी पोचले ती कचरा डेपोवरच्या तपासणीच्या खोलीत. इथली इंजिनीअरबाई कुणाला नाव-गाव विचारत नव्हती. दाबलं तर चेपतोस का? पाणी धरतोस का? ओढलं तर तुटतोस का? बस्स. रिकामा डबा आणि खिळा दोघंही लोखंडाचे, पण वेगवेगळ्या घमेल्यांत गेले. डबा चेपतो ना! मला भारी नवल वाटलं. इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलंच नव्हतं.

माझा गट निघाला 'ताणून धरणारे'. लांब, चपटे, चिवट. आमच्यामुळेच म्हणे कचऱ्याचा डोंगर घसरत नाही. मी फुगले.

बाईला ठरवायचं होतं, डोंगर आणखी चार मीटर चढवावा का. पायथ्याशी कचरा निवडणाऱ्या बायकांची शेड. आमची ताकद धरून काढलेला आकडा म्हणत होता, खुशाल चढवा.

तेवढ्यात शेडमधली मावशी हातमोजे मागायला आली. मला बघून थबकली.

"ही कुठली गं?"

"आजच्या गाडीतली, मावशी."

"मग डोंगराशी हिचा काय संबंध? चादरी, पिशव्या, दोऱ्या आम्ही खालीच काढून विकतो. वर जातो तो नुसता भुसा आणि लगदा."

बाईचा चेहरा उतरला. "म्हणजे मी भलतंच तपासलं?"

"एवढी शिकलीस, एकदा वर चढून बघायचंस की!"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः वर चढली, पोती भरून आणली. त्यात माझ्या जातीचं कुणीच नव्हतं. आकडा निम्म्यावर आला. चढवणं थांबलं, शेड लांब हलवायचं ठरलं. माझाही तोरा उतरला. ज्या डोंगराला धरल्याचा गर्व केला, त्यात मी कधी नव्हतेच.

मावशीनेच मग विचारलं, "ज्यांना गिऱ्हाईक नाही अशा फाटक्या चादरी ढिगातच राहू दिल्या, तर डोंगर धरून ठेवतील?"

म्हणून आता मी यंत्राच्या दोन चिमट्यांत आहे. ओढ बाई, बिनधास्त ओढ. फक्त माझी कीव करून आकडा वाढवू नकोस. त्याच्या भरवशावर खाली माणसं उभी राहणार आहेत.